बिनकानाचे पेले

चूक लॅबवालीची होती, आणि ती या घरातल्याच माणसाच्या हातून होण्यासारखी होती. बाहेरचा कोणी तपासनीस असता तर त्याने दुधाची चव बघायला चार माणसांना चार खोल्यांत बसवलं असतं, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली असती आणि कोणाला तोंड उघडू दिलं नसतं. डेअरीची लॅब तिच्याकडेच होती, तिला हे सगळं पाठ होतं. चिठ्ठ्याही तिने कापून आणल्या होत्या. पण रविवारी दुपारी डेअरीच्या ऑफिसमागच्या खोलीत घरची माणसं लांब टेबलाभोवती आपापल्या खुर्च्यांवर बसली, थोरल्यांनी, म्हणजे तिच्या काकांनी, नेहमीसारखा पहिला हात पुढे केला, आणि "काका, थांबा" हे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. त्या टेबलावर थोरल्यांच्या आधी कोणी घोट घेतलेला तिने जन्मात पाहिला नव्हता.

रीत तिच्या आजोबांनी घालून दिलेली. रोज सकाळी टाकीतून निघालेलं पहिलं दूध कपात ओतायचं, घरातल्या मोठ्याने चाखायचं, त्याने "घरचं आहे" म्हटलं की बाकीच्यांनी एकेक घोट घ्यायचा आणि मग गाड्या सोडायच्या. आजोबांनंतर पहिला कप थोरल्यांकडे आला. गाईने ओला चारा खाल्लाय की वाळलेला, कॅन कोणाच्या गोठ्यावर उन्हात राहिलाय, सगळं ते एका घोटात सांगायचे. त्यांच्या जिभेवर डेअरी चालते असं लोक म्हणत, आणि थोरले ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. तीन महिन्यांपूर्वी वसतिगृहाने अख्खी गाडी परत पाठवली, दुधाला टाकी धुवायच्या सोड्याचा वास येतोय म्हणून. तेव्हाही थोरल्यांनी एवढंच सांगितलं, "इथून निघालं तेव्हा मी चाखलंय." विषय संपला. दोष गाडीवर गेला आणि गाडीबरोबर ड्रायव्हरवर. गेटवर आला की दोनदा हॉर्न मारायचा म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. एकोणीस वर्षं गाडी चालवणाऱ्या भोंग्याला थोरल्यांनी त्याच संध्याकाळी घरी पाठवलं.

तर आता प्रत्येकापुढे काचेचे दोन पेले होते, 'क' आणि 'ख'. एकात थोरल्यांच्या यंत्रातून निघालेलं, बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच गार केलेलं रोजचं दूध. दुसऱ्यात तेच दूध, पण न तापवता पिशवीत गोठवून, शहरातल्या केंद्रात जंतू मारायची किरणं देऊन आणलेलं. कशात काय आहे ते एकट्या लॅबवालीला माहीत. दोन्ही दुधांची तुलना करायला केलेल्या तक्त्याचे बाकीचे रकाने तिने आठवडाभरात भरले होते. जंतू दोन्हींत नावालाच, किरणांच्या दुधात आणखी कमी. टिकायला किरणांचं दूध कितीतरी पुढे. जीवनसत्त्वं थोडी उष्णतेने जातात, थोडी किरणांनी. चवीचा रकाना तेवढा कोरा होता, आणि तो घरच्यांनी भरायचा असं ठरलं होतं.

हे सगळं सुरू केलं होतं धाकट्यांनी, म्हणजे लॅबवालीच्या बाबांनी. विक्री त्यांच्याकडे. डोंगरापलीकडच्या खाणवस्त्यांवर फ्रिज नाहीत, तिथे आपलं दूध पोचेपर्यंत नासतं, आणि दादाचं यंत्र आता म्हातारं झालंय, असं ते चार वर्षं घोकत होते. शेवटी दोघा भावांत ठरलं : घरच्यांना फरक कळला तर यंत्र राहील. नाही कळला तर यंत्र निघेल आणि त्या जागी गोठवायची खोली होईल. थोरल्यांनी हे मोठ्या ऐटीत कबूल केलं होतं.

थोरल्यांनी 'क' उचलला. नाकाजवळ फिरवला, डोळे मिटून घोट घेतला. मग पाणी. मग 'ख'. मग त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं. काकू टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या पेल्यात बघत बसल्या होत्या.

"'क' घरचं," थोरले चिठ्ठीवर लिहीत म्हणाले. "दुसरं तुमचं किरणांचं. आंधळाही सांगेल."

लॅबवालीने हातातला तक्ता पुन्हा पाहिला. 'क' किरणांचं होतं. सकाळी पिशवी फोडली तेव्हा तिनेच नाक मुरडलं होतं. मेणबत्तीवर केस जळावा तसा वास. किरणांनी दुधातली चरबी कुठेतरी बिघडते, तिचा हा वास. दूध गोठवून किरणं दिली तर कमी येतो म्हणतात, पण येतो.

आत्याने 'क' ओठाला लावला. तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होती ती. तिच्या हातून अर्ध्या गुणाची सूट कोणाला मिळाली नव्हती. घोट घेऊन तिने पेला क्षणभर तसाच धरला. मग आणखी एक घोट घेतला. "'क'च," ती म्हणाली, आणि चिठ्ठीवर तसं लिहिलं. धाकट्यांनी लिहिलं. काकूंनी सगळ्यांच्या शेवटी लिहिलं.

चारही चिठ्ठ्या लॅबवालीच्या हातात आल्या. तिने खरं तर त्या तिथेच फाडायला हव्या होत्या. उद्या परत घेऊ, वेगवेगळं बसवून घेऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण दीड वर्ष तिने या एका कल्पनेवर घालवलं होतं, आणि या घरात तिचं म्हणणं पहिल्यांदाच कोणी टेबलावर घेतलं होतं.

"'क' किरणांचं आहे," ती म्हणाली. "चौघांनीही त्यालाच घरचं म्हटलंय."

थोरल्यांची मान आधी लाल झाली, मग कान. मग ते हसले, आणि ते हसणं ऐकवेना.

"मग झालं तर," ते म्हणाले. "मलाच कळलं नाही म्हणजे कोणाला कळणार? बसवा तुमची खोली. यंत्र काढा."

आणि ते उठून गेले.

*

धाकट्यांना खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. चार वर्षं ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते एका घोटात हातात आलं होतं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. जिभेवरचा जळका वास दोन पेले पाणी पिऊनही जात नव्हता.

"ताई," ते बाहेर बघतच म्हणाले, "तुला खरंच 'क' वाटलं?"

"तुला वाटलं ना?" आत्या म्हणाली.

"मी तुला विचारतोय."

"आणि मी तुला."

खाणवस्त्यांवरची माणसं हे दूध तोंडात धरणार नाहीत, हे धाकट्यांना पहिल्या घोटालाच कळलं होतं. तरी त्यांनी चिठ्ठीवर 'क' लिहिलं, आणि लिहिताना शाळेतल्या पोरासारखा दुसरा हात आड धरला. आधी दादा बोलला म्हणून लिहिलं, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. ते निम्मंच खरं होतं. दादा स्वतःच्याच तोंडाने हरला होता आणि ते त्यांना हवंहवंसं वाटलं होतं. ही निम्मी गोष्ट त्यांना बहिणीलाही सांगवेना.

"त्याला झालंय तरी काय?" आत्या हळूच म्हणाली. "असल्या दुधाचा कॅन त्याने गेटवरूनच परत पाठवला असता."

"जा मग, विचार त्याला."

"तू जा. मी नाही जाणार."

शेवटी कोणीच गेलं नाही.

*

मोरीपाशी काकू पेले विसळत होत्या. लॅबवाली पुसत होती. काकूंनी एक पेला उजेडात धरला, सगळीकडून फिरवला आणि खाली ठेवला.

"कान नसलेली भांडी कुठून आणलीस गं?"

"लॅबमधलीच आहेत काकू. का?"

"काही नाही." नळ वाहत राहिला. मग काकूंनी तो बंद केला, आणि ओल्या हातांनीच त्या स्टुलावर बसल्या. "रोजच्या कपाला कान असतो."

लॅबवालीला काही कळेना.

"सकाळी पहिला कप आतून मी भरून आणते. आणायच्या आधी मी चाखते. चांगलं असलं की कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताला करून ठेवते. काही गडबड असली की डावीकडे. मग ते एक घोट घेतात आणि म्हणतात, जरा थांबा, टाकी बघा." काकूंनी पदर तोंडाशी नेला. "दोन वर्षं झाली. त्या मोठ्या तापानंतर त्यांना वासच येत नाही. गोड कळतं, खारट कळतं. बाकी दूध काय, पाणी काय."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"त्यांनी शपथ घातली. म्हणाले, जीभ गेली म्हणजे मी या घरात नुसता खुर्चीत बसायला उरलो. मला वाटलं, त्यात काय एवढं, कपाचा कान फिरवायचा. नवऱ्याची लाज राखतेय असंच वाटायचं मला." त्या थोडं थांबल्या. "आज मी टेबलाच्या त्या टोकाला, आणि पुढ्यात तू ठेवलेले हे पेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला दिसलं. पण मी काय खूण करणार? मान हलवली असती तर सगळ्यांनी पाहिलं असतं. मग ते बोलून गेले, आणि मी पण तेच लिहून मोकळी झाले."

लॅबवालीच्या हातातलं फडकं पुसून पुसून ओलं झालं होतं. तिने पुढचा पेला पुसायला घेतला नाही.

*

यंत्र थोरल्यांच्या वयापेक्षा जरा लहान होतं. वाफेचे नळ, एकामागे एक लावलेल्या पोलादी पट्ट्या, पांढरी पडलेली तापमानाची तबकडी. पट्ट्यांच्या मधलं रबर जरा चिरलं की ते दहा पावलांवरून वासाने ओळखायचे. आता ते हाताने चाचपून बघत होते.

"काका."

"हे रबर बदलायला आलंय," ते मागे न वळता म्हणाले. "आता कशाला बदला म्हणा."

"काकूंनी मला सांगितलं."

थोरल्यांचा हात पट्टीवर थांबला. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते उलट्या ठेवलेल्या कॅनवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांत धरले.

"कसं लागतं ते?" त्यांनी विचारलं. "मी घरचं म्हणालो ते."

"काका, जाऊ द्या ना."

"मी विचारतोय. तू शिकलेली आहेस, नीट सांग."

"केस जळल्यासारखं."

"एवढं?"

"एवढं."

"पण मग बाळीने तर दोन घोट घेतले!" आत्याला या वयातही ते बाळी म्हणत. "आणि धाकटा? त्याला सांगायला काय झालं होतं?"

"कळलं होतं काका. सगळ्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं."

"मग 'क' का लिहिलं?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आणि तू? तुला तर आधीपासून माहीत होतं."

लॅबवालीला रडू फुटलं. "मला ते हवं होतं," ती म्हणाली. "तुमचं यंत्र जावं असं नाही. माझं खरं ठरावं असं. मी गप्प बसले. मला लाज वाटतेय काका."

थोरले तिची समजूत घालायला उठले नाहीत. ते कसला तरी हिशेब लावत होते, बोटांवर दिवस मोजावेत तसा.

"वसतिगृहाच्या दुधाच्या दिवशी," ते म्हणाले, "तुझी काकू इथे नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. कप बाळीने भरून आणला. कान होता कुठेतरी, असाच. मी म्हणालो, घरचं आहे." ते थांबले. "तू होतीस टेबलावर."

"होते."

"वास होता?"

तिने नुसती मान हलवली.

"तोंडाने सांग."

"होता. सोड्याचा. टाकी नीट विसळली नव्हती."

"मग भोंगा गेटवर येऊन म्हणाला, मालक, दुधाला आत्ताच वास येतोय, नेऊ का? आणि मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, तुझ्या नाकापेक्षा माझी जीभ मोठी आहे." त्यांनी चार बोटं पुढे केली. "चारचौघांनी चाखलंय, हे मी त्याला चारदा सांगितलं. चारचौघांनी!"

दोन वर्षं त्यांना एकाच गोष्टीची भीती होती, आपलं कोणाला कळेल याची. घरातली माणसंही आपल्याला घाबरून खोटं बोलत असतील, हे कधी त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपलं लपवणं आणि त्यांचं होला हो म्हणणं, या दोहोंत एक माणूस चिरडला गेला होता. थोरल्यांनी मान खाली घातली, आणि लॅबवालीने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या टाळूवरचे विरळ झालेले पांढरे केस पाहिले.

"उद्या सकाळी भोंग्याला इथे बोलवायचं," ते म्हणाले. "धाकट्याला म्हणावं, तूच जा."

*

सकाळी भोंगा आला तो स्वतःच्या नव्या मालकाची गाडी घेऊन, पाव पोचवायला निघालेला. टेबलाशी सगळे बसले होते. त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती; तो दारातच उभा राहिला.

"बस ना," धाकटे म्हणाले.

"उशीर होईल. बोला."

थोरले उभे राहिले. बोलायचं त्यांनी रात्रीच मनाशी जुळवलं होतं, ते सगळं विसरलं. "त्या दिवशी दुधाला वास होता," ते म्हणाले. "मला आला नाही. मला दोन वर्षं कसलाच वास येत नाही. तू खरं बोलत होतास."

भोंग्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही की रागही. तो एकेकाकडे बघत गेला आणि आत्यापाशी थांबला.

"मालकांना येत नव्हता, ठीक," तो म्हणाला. "आत्याबाई, तुम्ही तर नाकाला रुमाल लावला होता. मी खिडकीतून पाहिलं होतं. मला वाटलं, आता बाई बोलतील. त्या कोणाला सोडत नाहीत."

तीस वर्षं पोरांना बाकावर उभं करणाऱ्या त्या बाईला बसल्या जागी गुडघे जवळ घ्यावेसे वाटले.

"परत ये," थोरले म्हणाले. "तुझी गाडी तुला..."

"नाही मालक. तिकडे बरं आहे माझं."

"मग मी काय करू ते तरी सांग."

"मला तुम्ही गेटवर काढलं होतं," भोंगा म्हणाला. "सगळे ड्रायव्हर होते. पोरांना आजही चिडवतात, बापाने दूध नासवलं म्हणून. हे जे आत्ता इथं बोललात ना, ते तिथं बोला."

काकूंचा हात नकळत पुढे आला, नवऱ्याला अडवायला. मग तो त्यांनीच मागे घेतला.

ऑफिसपासून गेटपर्यंत सत्तर-ऐंशी पावलं. थोरले पुढे, मागे सगळं घर. सात गाड्या रांगेत उभ्या होत्या, ड्रायव्हर बॉनेटला टेकून चहा पीत होते. थोरले रांगेसमोर उभे राहिले. वसतिगृहाचं दूध इथूनच खराब निघालं होतं, भोंग्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मला वास येत नाही आणि मी ते लपवलं, असं त्यांनी एका दमात सांगितलं. कोणाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांचं संपलं असं वाटलं तोच आत्या पुढे झाली. "वास मला आला होता," ती म्हणाली. "मी बोलले नाही."

"मलाही," धाकटे म्हणाले.

"मला पण," लॅबवाली म्हणाली. तिचं कोणाला नीट ऐकूही गेलं नसेल.

एका ड्रायव्हरने चहा खाली ओतला. बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. भोंग्याने एकदा मान हलवली, पावाच्या गाडीत बसला आणि गेटातून बाहेर पडला. एकोणीस वर्षं तो त्या गेटातून जाता-येता दोनदा हॉर्न मारायचा. आज मारला नाही.

"आजचं दूध चाखायचं राहिलंय," धाकटे म्हणाले. "गाड्या खोळंबल्यात."

काकू आतून कप घेऊन आल्या. थोरल्यांनी तो घेतला, कान कुठल्या बाजूला आहे तेही न बघता, आणि आत्यापुढे धरला.

"आधी तू."

आत्याने घोट घेतला. सवयीने तिने थोरल्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथून काही मिळणार नव्हतं.

"सोड्याचा वास नाही," ती अडखळत म्हणाली. "दूध चांगलं आहे. पण तापवल्याचा वास येतो रे. मला तो लहानपणापासून आवडत नाही."

"लहानपणापासून?" थोरले म्हणाले. "मग कधी बोलली नाहीस ती?"

"तू कधी विचारलंस?" आत्या म्हणाली. "तू सांगायचास."

लॅबवालीने बगलेतला तक्ता काढला. चवीच्या रकान्यात कालचे चार 'क' होते. ते तिने खोडले, आत्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि पेन हातात धरून बाबांकडे पाहिलं. कप एकेकाच्या हातून फिरत गेला. प्रत्येकजण घोट घ्यायचा, थांबायचा, आणि काहीतरी वेगळंच सांगायचा. थोरल्यांपर्यंत तो सगळ्यांच्या शेवटी आला. तळाशी घोटभर दूध उरलं होतं, गार झालेलं. ते त्यांनी पिऊन टाकलं.

"काका, तुमचं काय लिहू?"

"काही कळलं नाही, असं लिही," थोरले म्हणाले, आणि गाड्या सोडायला त्यांनी हात वर केला.